दहा लिटरात एक एकर

आष्ट्याजवळ, २० ऑक्टोबर २०२४

अहो,

तुमच्या चौकीवरनं पंधरा दिवसांतनं एकदा दोन मिनिटं फोन लागतो. त्यातलं एक मिनिट 'हॅलो, ऐकू येतंय का' म्हणण्यात जातं आन दुसरं तुमची लेक अपेक्षा खाती. म्हणून म्हटलं, आता हातानंच लिहावं. बारावीनंतर एवढं लिहायची सवय न्हाई. अक्षराला हसू नका, सांगून ठेवते.

ड्रोन आला! फवारणीचा. बचत गटातल्या चौदा जणींतनं ट्रेनिंगला मी एकटीच गेले, बाकीच्यांना घरातनं कुणी सोडंना. कंपनीनं वर्षभर वापरून बघायला दिलाय. पटला तर ठेवा, न्हाई तर परत. कंपनीचा साहेब म्हणाला, या तालुक्यात ड्रोन उडवणारी बाई तुमीच पहिल्या. मी आपली मान खाली घालून उभी होते, पण आतनं लय भारी वाटलं, खोटं कशाला बोलू!

आपला ऊस आता दोन माणसं उंच झालाय. पाठीवर पंप घेऊन आत शिरलं की पात्यानं अंग सोलून निघतं, म्हणून लोकरी मावा लागला तरी लोक बघत बसायची. ह्यो गडी वरनं जातो आन सात मिनिटांत एकर उरकतो. पंपानं एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागायचं, ह्याला दहा लिटर. एका एकराचं सगळं औषध दहा लिटरात! पाणी वाचतं, येळ वाचतो, असं साहेबानं तीनदा सांगितलं.

औषध कालवायला आत्ती हायेत, तुमच्या मातोश्री. मी म्हटलं, तुमी बांधावर बसा, मी कालवायला दुसरी बाई बघते. तर म्हणाल्या, "चाळीस वरसं तुज्या मामंजींच्या पंपाला औषध मीच कालवलंय. तू मला शिकवणार व्हय गं?" पदर खोचला, बाही वर केली आन कोपरापातुर हात बादलीत. काठीनं ढवळलं तर तळाला गाठी राहत्यात, हाताला बराबर कळतंय म्हणत्यात. मला कंपनीनं जाकीट, चष्मा, हातमोजं, टोपी असा पायलटचा संच दिलाय. कालवणाऱ्याला काय द्यायचं ते त्यांच्या यादीतच न्हवतं.

गुंडादादा पाटलांना विचारलं, तुमचा बारा एकर करायचा का. ते म्हणाले, "आधी तुमच्यावर मारा, मग बाकीच्या बारक्यांच्यावर. ऊस करपला न्हाई तर आमी हायेच की." आत्तींनी घरी येऊन कपाळावर हात मारला. "नवं काय आलं की पाटील सावलीत आन आपण उन्हात. हे काय आजचं हाय व्हय!"

पेपरात फोटो आलाय, कापून पाठवते. जपून ऱ्हावा.

तुमची
संयोगिता


चौकी, ९ नोव्हेंबर २०२४

संयू,

तुझं पत्र आन कात्रण राशनच्या हेलिकॉप्टरनं आलं. कात्रण बंकरमधी चिकटवलंय. आमचे सुभेदार साब बघून म्हणाले, "जयराज, घर में पायलट तेरी बीवी है, तू तो पैदल है." सगळी हसली. मी पण हसलो, पण छाती दोन इंच फुगली बग.

पाटलाचं काय मनावर घेऊ नकोस. ती माणसं कायम दुसऱ्याच्या खांद्यावरनं बघणारी. कुणीतरी पुढं व्हायला लागतंच, गड्या. बाप्या पुढं झाला की शूर आन बाई पुढं झाली की आगाव, असं म्हणणारी तोंडं गावात लय हायेत, त्यांना ऊसच उत्तर देईल. इथं आमी पण ड्रोन वापरतो. कसला ते लिहीत न्हाई. ज्यानं पहिल्यांदा हातात घेतला त्याला आज सगळी विचारायला येत्यात. तसं तुझं होणार.

आईला म्हणावं, सून पायलट आन सासू हेल्पर, अशी जोडी अख्ख्या सांगली जिल्ह्यात न्हाई. तिचा फोटो का न्हाई आला पेपरात? रुसली असंल.

अपेक्षाला पापा.

जयराज


आष्ट्याजवळ, २ डिसेंबर २०२४

अहो,

साठ एकर झालं! आपला ऊस हिरवागार हाय, मावा गेला. अश्फाकभाईचा टेम्पो ठरवलाय, त्यात ड्रोन, बॅटऱ्या, जनरेटर आन आमी दोघी. सकाळी सहाला निघतो ते अकराला वारं सुटस्तोवर. दिवसाला सात-आठ एकर होत्यात. पाटील अजून बांधावरनं बघत्यातच. परवा विचारत होते, औषधानं पानं मुरगळत न्हाईत न्हवं?

एक सांगायचं हाय, पण घाबरू नका. आत्तींना जरा बरं न्हाई. मागच्या आठवड्यात शेतावरच दोनदा ओकल्या. घाम लय येतो, ह्या थंडीत बी. चहाची कपबशी हातात वाजती. गावातल्या डॉक्टरांनी शुगर बघितली, ती बरी निघाली, सलाईन लावलं, दोन दिवसांनी परत उठून आल्या. थंडीचं आन वयाचं असंल, असं मला वाटतं. तरी मी गटातल्या बायकांना विचारलं, कुणी कालवायला येता का. सगळ्यांची आपापली कारणं. एक म्हणाली, ज्याच्या घरात पायलट त्यानंच कालवावं.

आत्ती शेजारी बसल्यात. म्हणत्यात, माझं बी लिही. तर त्यांच्याच शब्दांत लिहिते: "जया, तुजी बायकू लय हुशार हाय बाबा, ते पाखरू कसं बांधाला भिडवून परत फिरवती, बगत ऱ्हावं. पर त्या औषिदाचा वास डोस्क्यात चढतोय. पंपाच्या येळंला असं न्हवतं हुईत. सोमवारपास्नं म्या न्हाई जानार म्हणते. तुला काय वाटतंय ते कळीव."

एवढंच. तुमी सांगाल तसं करू.

संयोगिता


चौकी, १८ डिसेंबर २०२४

संयू,

पत्र वाचलं आन डोकं फिरलं. आईला मी ओळखून हाय. थोरल्या चुलतीच्या सुनेनं शिलाई मशीन आणलं तवा बी तिला महिनाभर असंच चक्कर यायचं. तुझा फोटो आला, तिचा न्हाई, मूळ दुखणं ते हाय. सून पुढं आन आपण बादलीपाशी, हे तिला पचंना.

हे तिला जसंच्या तसं वाचून दाखव: आई, तू नाटकं करू नकोस. आमी इथं हाडं गोठवून उभं हाय, आमाला बी ओकाऱ्या होत्यात, कुणी घरी जातो म्हणत न्हाई. आपल्याच घरातली माणसं मागं सरली तर पाटील टाळ्या वाजवतील. सारं गाव म्हणंल, ड्रोन आणला आन कालवायला सासू मिळंना. तू हात काढून घेतलास तर समज, माझं नाक कापलंस.

रागानं लिहिलंय, पण बरोबर लिहिलंय.

जयराज


आष्ट्याजवळ, ९ जानेवारी २०२५

अहो,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी संध्याकाळी आत्ती भाकरी करत हुत्या. मी वाचून दाखवलं. त्या भाकरी थापत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आधी टेम्पोपाशी जाऊन उभ्या. "चल, जया रागावलाय," एवढंच म्हणाल्या.

त्यांचं रुसणं न्हाई हे, मला तसं वाटत न्हाई. तोंडातनं लाळ गळती आन त्यांना कळत न्हाई. दंडावरचं मास आपोआप उडतं, कातडीखाली अळी चालल्यावानी. परवा डोळ्यांत काय गेलंय का बघायला बॅटरी धरली तर डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी बारीक. मी म्हटलं उजेडानं असंल, तर बॅटरी विझवली तरी तेवढीच. अपेक्षा म्हणाली, आजीला आपण दिसत न्हाई काय गं?

आष्ट्यात दाखवलं. डोळ्याचा नंबर बदलला असंल म्हणाले.

आता अडचण अशी हाय की २८ तारखेला कंपनीचा मोठा कार्यक्रम हाय. कारखान्याची माणसं, सात गावचे शेतकरी, सगळी येणार. एका दमात दहा एकर उडवायचा. पाटील म्हणाले, ते बघून आमी नक्की ठरवतो. तवर आत्ती रेटतो म्हणत्यात. त्यानंतर मी त्यांना एकदम सुट्टी देणार हाय. तेवढ्या अठरा-वीस दिवसांचा प्रश्न हाय. बरोबर करते का मी? सांगा.

संयोगिता


चौकी, २१ जानेवारी २०२५

संयोगिता,

हे वाचल्या वाचल्या आईला उठव आन सांगलीला मोठ्या दवाखान्यात ने. आष्ट्याला न्हाई, सांगलीला. अश्फाकला म्हणावं टेम्पो काढ. पुढचं मग वाच.

बाहुली मोहरीएवढी, लाळ, घाम, ओकारी, मास उडणं. हे आमाला फौजेत शिकवलंय. विषारी वायूच्या क्लासमधी भिंतीवर तक्ता असतो, त्यात एका खाली एक हेच लिहिलेलं असतं. मी परीक्षेत पाठ म्हणून दाखवलंय. आन माझ्या आईचं तुझ्या अक्षरात वाचलं तरी पहिल्या वाचनात मला कळलं न्हाई. दुसऱ्यांदा वाचलं तवा तो तक्ता डोळ्यापुढं आला. शत्रूवर सोडत्यात ती विषं आन किड्यांवर मारत्यात ती औषधं, ही सख्खी भावंडं हायेत, आमच्या उस्तादानं सांगितलेलं.

ते प्यायला लागत न्हाई. कातडीतनं आत जातं. तूच लिहिलं हुतंस ना, एका एकराचं दहा लिटरात. म्हंजी पंपाच्या बादलीपेक्षा पंधरा-वीस पट कडक. आन ती त्यात कोपरापातुर हात घालती, रोज, आठ-आठ येळा. चाळीस वरसं पातळ औषधात हात घातला, काय झालं न्हाई, म्हणून ती घालत राहिली. तुला हातमोजं दिलं, तिला कुणी सांगितलं बी न्हाई. आन मी तिला नाटकी म्हटलं.

डॉक्टरला सांग: फवारणीचं औषध, हातातनं गेलंय, तीन महिने. बाटली बरोबर ने. तिची लुगडी साबणानं धू, तू हातमोजं घालून धू. कार्यक्रम गेला खड्ड्यात.

इथं सहा दिवस झाले बर्फ थांबत न्हाई. हेलिकॉप्टर न्हाई, फोनचा सेट मेलाय, वायरलेस बी खाली लागत न्हाई. हे पत्र माझ्या खिशात तयार हाय. बर्फात दोर बांधून चालताना पहिल्या गड्याच्या कमरेला दोर असतो, तो खड्ड्यात गेला तर मागची ओढून काढत्यात. आईला आपण पुढं घातलं आन दोर बांधला न्हाई, संयू.

तिला सांग जया चुकला. हे जसंच्या तसं वाचून दाखव.

जयराज


चौकी, २ फेब्रुवारी २०२५

संयोगिता,

तीस तारखेला वायरलेस लागला आन सिग्नल आला. साबांनी बोलावून वाचून दाखवला. 'मदर एक्सपायर्ड, पॉयझन कन्झम्प्शन.' रजा मंजूर हाय, पण खाली उतरायला वाट न्हाई. पाच दिवस, दहा दिवस, कुणी सांगत न्हाई.

माझं २१ चं पत्र काल हेलिकॉप्टर आलं त्यात गेलं, आजारी जवानांनी ते भरलेलं, मला जागा न्हवती. म्हंजी तुला ते मिळालंच न्हवतं.

कन्झम्प्शन म्हंजी पिलं. आई विष पिली? मी लिहिलं ते ऐकून पिली का? खरं काय ते लिही. माझ्यापासनं काय राखू नकोस. इथं सगळी माझ्याशी हळू आवाजात बोलत्यात, ते मला सोसत न्हाई.

जयराज


आष्ट्याजवळ, २० फेब्रुवारी २०२५

अहो,

न्हाई. आत्तींनी काय पिलं न्हाई. आधी हे वाचा आन दम घ्या.

२८ तारखेला मंडप हुता, माणसं दोनशेच्या वर. साहेब माईकवर बोलत हुता. आत्ती मंडपामागं कालवत हुत्या, कारण पुढं बादल्या बऱ्या दिसत न्हाईत म्हणाले. सातव्या एकराला मी टाकी भरायला ड्रोन उतरवला तर त्या बादलीवर वाकलेल्या, हात आत, आन उठंनात. तोंडाला फेस. अश्फाकभाईनं उचलून टेम्पोत घातलं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मिरजेच्या अलीकडं एकदा डोळं उघडलं आन म्हणाल्या, "किती झालं गं?" मी म्हटलं सात. "मग तीन ऱ्हायलं," म्हणाल्या. त्यानंतर बोलल्या न्हाईत. दुसऱ्या दिवशी दुपारी श्वास थांबला. अग्नी तुमच्या चुलतभावानं दिला.

आता जे लिहिते ते वाचून तुमी मला काय म्हणायचं ते म्हणा.

दवाखान्यात औषधानं माणूस गेलं की पोलीस येत्यात. हवालदारानं विचारलं, बाई आधी आजारी हुती का, कुणाला काय बोलली हुती का? माझ्यासमोर अख्खा डिसेंबर आन जानेवारी उभा राहिला. व्हय म्हटलं तर, म्हाईत असून तू कालवायला लावलंस, असं झालं असतं. मी म्हटलं, न्हाई. चांगल्या हुत्या, काय तक्रार न्हवती. त्यांनी लिहून घेतलं. चांगली धडधाकट बाई, अंगात औषध, मग ती पिली असणार. माझ्या एका न्हाईनं आत्तींना विष प्यायला लावलं. मागनं कंपनीचा साहेब येऊन म्हणाला, मशीनचा काही दोष नाही, घरगुती बाब असेल. गावानं पुढचं जोडलं, सासू-सुनेचं पटत नसंल, सून पायलट झाली, म्हातारीला छळलं.

आन दुसरं. तुमचं डिसेंबरचं पत्र मी वाचून दाखवताना मधलं गाळू शकले असते. तुमी रागात लिहिलंय हे पहिल्या ओळीलाच कळलं हुतं. आत्तींना वाचता येत न्हवतं, त्यांना कधी कळलं नसतं. पण मी जसंच्या तसं वाचलं. तुमी सांगितलं म्हणून न्हाई. मला उडवायचं हुतं म्हणून. हातात रिमोट घेतला की मला दोनशे माणसं बघत्यात, आयुष्यात पहिल्यांदा. कालवायला त्या आल्या नसत्या तर ते थांबलं असतं. तुमचा राग मी वापरला. एवढा दोष तुमी एकट्यानं अंगावर घेऊ नका.

दहाव्याला गुंडादादा आले हुते. चटईवर बसले, हळहळले आन जाता जाता म्हणाले, "आमी आता स्वतःचाच ड्रोन घेतोय. कालवायचं मशीन बी बसवून देणार हायेत, झाकणाचं. हात घालायचा प्रश्नच न्हाई." मला वाटलं त्यांच्या अंगावर धावून जावं. मग विचारलं, दादा, ते मशीन बिघडलं तर कोण कालवणार? म्हणाले, अर्जुना हाय की. अर्जुना त्यांचा सालगडी. मी त्याच दिवशी त्याच्या झोपडीत गेले आन त्याच्या बायकोला सगळं सांगितलं. झाकण लावायचं कंपनी आपल्याकडनं शिकली, आन ते शिकायला आत्तींचा जीव लागला.

तुमचं २१ चं पत्र ८ तारखेला आलं. मी ते आत्तींच्या फोटोपुढं जसंच्या तसं वाचलं. 'जया चुकला' हे बी वाचलं.

पोलिसांकडं परत गेले. म्हटलं, मी खोटं बोलले, त्या दोन महिने आजारी हुत्या. ते म्हणाले, बाई, आता कशावरनं? सून आपला जबाब फिरवती, एवढंच दिसतंय. काय लेखी हाय का?

लेखी हाय. पण तुमच्याकडं. माझं २ डिसेंबरचं आन ९ जानेवारीचं. त्यात ओकाऱ्या, लाळ, बाहुली, सगळं तारखेसकट हाय. त्यात मी सगळं बघून बी आणखी अठरा-वीस दिवस मागितलं हुतं, ते बी हाय. ती दाखवली तर आत्ती पिल्या न्हाईत हे कळंल आन मला म्हाईत हुतं हे बी कळंल. तुमची नोकरी हाय, तुमच्या पत्राची बी चौकशी हुईल. म्हणून विचारते. तुमी जाळली तरी मी तुमाला कधी बोलणार न्हाई. पण ती एक बाई चाळीस वरसं राबली आन कागदावर विष पिऊन मेली, असं राहील.

संयोगिता


बेस कॅम्प, ६ मार्च २०२५

संयू,

काल खाली उतरलो. तुझं पत्र इथंच मिळालं. वीस तारखेपर्यंत घरी पोचतो, पण मी यायच्या आधी हे पोचावं म्हणून रजिस्टर्ड करतोय. माझं डिसेंबरचं तुझ्याकडं हाय, ते बी यात घाल. एक पण ओळ झाकू नकोस.

तुझी दोन्ही पत्रं सोबत हायेत. जाळायचा विचार आला हुता. खोटं कशाला सांगू, एकदा काडी बी ओढली. तिसरा कागद खाली जोडलाय, साबांसमोर सही केलीय. हवालदाराला हातात दे आन त्यानं पोच दिल्याशिवाय उठू नकोस.

"मी, नायक जयराज ज्ञानू खोत, लिहून देतो की माझी आई शालूबाई ज्ञानू खोत हिने विष प्यालेले नाही. फवारणीच्या औषधात रोज हात घातल्याने ती आजारी पडली होती आणि तिने तसे मला २ डिसेंबर रोजी कळवले होते. तिला ते काम सोडायचे होते. तिने सोडू नये, असे मी तिला लिहिले."